मिठाचा रेणू शोधू नका: आयनिक आणि सहसंयुज बंध ओळखण्याची रीत

आठवीच्या मुलांना रासायनिक बंध शिकवायला घेतले की मी फळ्यावर काही लिहीत नाही. टेबलावर दोन वाट्या ठेवते. एकीत मीठ, दुसरीत साखर. दोन्ही पांढरे, दोन्ही दाणेदार, दोन्ही पाण्यात विरघळणारे. मग विचारते, "फरक सांगा. चव सोडून."

पहिल्या बाकावरून उत्तर येतंच: "मिठात इलेक्ट्रॉनची देवघेव होते, साखरेत भागीदारी होते." उत्तर बरोबर आहे आणि परीक्षेत एक गुणही मिळतो. पण त्या एका ओळीवर पुढचं काहीच सुटत नाही. मीठ तव्यावर का वितळत नाही? कापराला वास का येतो? कल्हईवाल्याचा नवसागर नेमका कुठल्या गटात टाकायचा? एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, साखरेचा रेणू पुस्तकात काढलाय, मिठाचा रेणू कसा दिसतो?" त्या दिवसापासून मी धडा तिच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण मिठाचा रेणू नसतो. हे एकदा पटलं की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर बसतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि रेणू म्हणजे अणू जोडून झालेला स्वतंत्र गट. हल्ली मुलं हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करतात आणि तिथे गंमत होते. हिंदीत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला ते ‘परमाणु’ म्हणतात. दोन्ही भाषांतून शिकणाऱ्या मुलाच्या वहीत ‘सोडियमचा रेणू’ वगैरे दिसलं तर रागवू नका, आधी हे सांगा.

तिसरा शब्द आयन. इलेक्ट्रॉन गमावला की अणूवर धन प्रभार येतो, मिळवला की ऋण प्रभार. असा प्रभारित अणू किंवा प्रभारित अणुगट म्हणजे आयन. ‘अणुगट’ हा शब्द लक्षात असू द्या, शेवटी तो फार कामाला येणार आहे.

पहिली पायरी: शेवटच्या कवचातले इलेक्ट्रॉन मोजा

कुठल्याही संयुगाचं नाव समोर आलं की त्यातल्या प्रत्येक मूलद्रव्याचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतल्या कवचापासून बाहेर कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ते समासात लिहून टाका. सोडियम २, ८, १. मॅग्नेशियम २, ८, २. क्लोरीन २, ८, ७. ऑक्सिजन २, ६. नायट्रोजन २, ५. कार्बन २, ४. हायड्रोजन नुसता १.

आपल्याला पाहायचा आहे तो शेवटचा आकडा. १, २ किंवा ३ असेल तर ते मूलद्रव्य बहुधा धातू असतं आणि तेवढे इलेक्ट्रॉन सोडून आतलं पूर्ण कवच उघडं करू शकतं. ५, ६ किंवा ७ असेल तर तो अधातू, त्याला आठ पुरे करायला थोडेच हवे असतात. हायड्रोजनचं भागतं दोनावर, म्हणजे अष्टक नव्हे, द्विक.

मधला कार्बन अडचणीचा. चार सोडावेत तर दर इलेक्ट्रॉनमागे प्रभार वाढतो आणि पुढचा ओढून काढणं आणखी महाग होतं. चार घ्यावेत तर केंद्रातल्या सहा प्रोटॉनांना दहा इलेक्ट्रॉन सांभाळावे लागतात. म्हणून तो वाटून घेतो. साखर, तेल, मेण, कापूर, प्लॅस्टिक, आपलं अंग, सगळं कार्बनच्या या अडचणीतून आलेलं आहे.

दुसरी पायरी: देवघेव, पण हिशोबासकट

शिकवताना सोडियमला दानशूर कर्ण करायची आपल्याला सवय आहे. ‘सोडियमला एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो, तो आनंदाने क्लोरीनला देतो.’ गोष्ट छान आहे, पण खोटी आहे. सोडियमच्या अणूतून तो एक इलेक्ट्रॉन काढायला दर मोलला (मोल म्हणजे कणांची एक ठरलेली, प्रचंड मोठी संख्या) ४९६ किलोज्यूल ऊर्जा घालावी लागते. क्लोरीनला तो मिळाल्यावर परत येतात फक्त ३४९. म्हणजे एका सुट्या सोडियम अणूने एका सुट्या क्लोरीन अणूला इलेक्ट्रॉन दिला, एवढ्यावरच व्यवहार थांबला, तर दर मोलला १४७ किलोज्यूलचा तोटा.

तोटा भरून निघतो तो पुढे. धन सोडियम आयन आणि ऋण क्लोराइड आयन एकमेकांना ओढतात. पण ते जोडी-जोडीने बसत नाहीत. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, अशी रचना दाणा संपेपर्यंत चालू राहते. हे जालक बनताना सुट्या आयनांपासून दर मोलला ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. खरा नफा इथे होतो. आयनिक बंध म्हणजे ही देवघेव नव्हे. देवघेवीनंतर उरलेल्या विरुद्ध प्रभारांमधली चहूबाजूंची ओढ म्हणजे आयनिक बंध.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे या. एका सोडियमची जोडी नेमक्या कुठल्या क्लोराइडशी? सहाही शेजारी सारख्याच अंतरावर आहेत. जोडी लावताच येत नाही, म्हणून मिठाचा रेणू दाखवताही येत नाही. लॉरेन्स ब्रॅग याने १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना दाखवली. १९१५ साली वडिलांबरोबर नोबेल मिळालं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. तरी जुन्या मंडळींच्या हे पचनी पडलं नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९२७ साली ‘नेचर’मध्ये पत्र लिहून ‘बिचारं मीठ’ अशा मथळ्याखाली या बुद्धिबळाच्या पटासारख्या मिठाची टर उडवली. एवढ्या मोठ्या माणसाला जे खटकलं ते आठवीतल्या मुलाला खटकलं तर त्यात कमीपणा नाही.

घरात खडे मीठ असेल तर एक मोठा खडा खलात घेऊन बत्त्याने हलकेच फोडा आणि तुकडे भिंगाखाली धरा. पावडर सोडून थोडे मोठे तुकडे निवडा. कडा सरळ, कोपरे काटकोनी, लहान लहान ठोकळे. ठोका बसला की एक थर किंचित सरकतो, धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, आणि ते एकमेकांना ढकलून देतात. म्हणून खडा सपाट पृष्ठावर फुटतो. फक्त ‘ठिसूळ आहे म्हणजे आयनिक’ असं उलटं गणित मांडू नका. खडीसाखरही बत्त्याखाली फुटतेच.

आकृती काढताना तीन गोष्टी सांभाळा. सोडियम आयन काढताना तिसरं कवच रिकामं म्हणून काढून ठेवायचं नाही, ते गेलं. प्रत्येक आयनाला चौकटी कंस, आणि कंसाबाहेर वर प्रभार. आणि मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये दोन क्लोराइड दोन वेगळ्या कंसांत काढायचे, एकाच कंसात कोंबायचे नाहीत, कारण ते एकमेकांना बांधलेले नसतात.

तिसरी पायरी: भागीदारी

दोन अधातू समोरासमोर आले की दोघांनाही इलेक्ट्रॉन हवाच असतो, सोडायला कुणी तयार नसतो. मग दोघे एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघांच्याही खात्यावर धरली जाते. यासाठी पुस्तकी शब्द ‘संदान’. वर्गात ‘भागीदारी’ म्हटलं तर लवकर पोचतं. जोडीची ही कल्पना गिल्बर्ट लुईस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१६ साली मांडली. त्याच वर्षी जर्मनीत वॉल्थर कोसेल आयनांच्या ओढीवर लिहीत होता. तीन वर्षांनी अर्व्हिंग लँगम्यूरने लुईसच्या बंधाला ते नाव दिलं ज्याचं मराठी आपण ‘सहसंयुज’ करतो.

पाण्याचा रेणू काढून बघा. मध्ये ऑक्सिजन, शेवटच्या कवचात सहा ठिपके. दोन बाजूंना दोन हायड्रोजन, प्रत्येकाची एक फुली. ऑक्सिजनचा एक ठिपका आणि हायड्रोजनची एक फुली मिळून एक जोडी, अशा दोन जोड्या. ऑक्सिजनभोवती मोजा: न वाटलेल्या दोन जोड्यांचे चार, वाटलेल्या दोन जोड्यांचे चार, झाले आठ. हायड्रोजनभोवती दोन. हिशोब जुळला.

ठिपके आणि फुल्या वेगळ्या काढायच्या त्या फक्त आपल्याला मोजता यावं म्हणून. बंध झाल्यावर कुठला इलेक्ट्रॉन कुणाचा हे निसर्गालाही सांगता येत नाही. आणि इथे कंस नाहीत, प्रभार नाहीत. सहसंयुज आकृतीत अधिक-उणे दिसलं की समजावं, मुलाने दोन धडे एकत्र केलेत.

एका जोडीने भागलं नाही तर दोन किंवा तीन. ऑक्सिजनच्या रेणूत दोन जोड्या, नायट्रोजनच्या रेणूत तीन. ती तिहेरी पकड इतकी घट्ट की हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो तसाच्या तसा वापरता येत नाही, युरियाची गोणी आणावी लागते.

चौथी पायरी: सूत्र वाचताना मोजणी की प्रमाण, हे ठरवा

पाण्याचं सूत्र, ज्याला सगळे ‘एचटूओ’ म्हणतात, ती मोजणी आहे: एका रेणूत दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. मिठाचं सूत्र मात्र प्रमाण आहे: दाणा केवढाही असो, जितके सोडियम तितकेच क्लोराइड. वडा-पावच्या गाडीवर ‘एकास एक’ म्हणतात तसं.

यातून एक पक्का व्यावहारिक नियम निघतो. आयनिक संयुगाचं सूत्र लहानात लहान प्रमाणात लिहायचं. मॅग्नेशियमची संयुजा, म्हणजे दिलेल्या, घेतलेल्या किंवा वाटलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या, २, ऑक्सिजनची २, तिरका गुणाकार केला की दोनास दोन येतं, पण लिहायचं एकास एक. सहसंयुज सूत्राला असा भाग देऊ नका. ग्लुकोजच्या रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन असतात. सहाने भाग जातो म्हणून दिलात, तर उत्तर ग्लुकोजचं उरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तसंच, दोनास दोन, आणि ते तसंच ठेवायचं.

नावातही हा फरक दिसतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये ‘डाय’ म्हणावं लागतं, कारण कार्बन मोनॉक्साइडही असतो आणि संख्या सांगितल्याशिवाय कळत नाही. कॅल्शियम क्लोराइडमध्ये दोन क्लोराइड असूनही ‘डाय’ लागत नाही. कॅल्शियमचा प्रभार ठरलेला आहे, प्रमाण आपोआप निघतं.

पाचवी पायरी: तापवल्यावर नेमकं काय तुटतं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या मुलांच्या नसतात. गाइडमध्ये छापलेल्या असतात. ‘सहसंयुज बंध दुर्बल असतो, म्हणून सहसंयुज संयुगांचा द्रवणांक (वितळण्याचं तापमान) कमी असतो.’ वाचायला सोपं, लिहायला सोपं, आणि साफ चूक.

अठरा ग्रॅम पाणी घ्या, म्हणजे एक मोल. साधारण मोठा चमचाभर. ते उकळून त्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्यातले सगळे सहसंयुज बंध तोडून सुटे हायड्रोजन आणि ऑक्सिजन अणू करायचे तर सुमारे ९२७ किलोज्यूल. बाविसपटीहून जास्त. चहाचं आधण उकळतं तेव्हा रेणूच्या आतला एकही बंध तोडायची गरज पडत नाही. रेणू फक्त एकमेकांपासून सुटतात. दुर्बल असते ती दोन रेणूंमधली ओढ, रेणूच्या आतला बंध नव्हे.

मीठ वितळवायचं तर मात्र सुटायला रेणूच नाहीत. जालकच ढिलं करावं लागतं, आणि त्यासाठी ८०१ अंश सेल्सिअस लागतात. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोन्ही आयनांवर दुप्पट प्रभार, आयनही लहान. त्याचा द्रवणांक २८०० अंशांच्या वर जातो, म्हणून तो भट्टीच्या विटांत वापरतात. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते आणि वितळता वितळता विघटनही पावते. चिक्कीचा पाक करताना तो तांबूस होतो तेव्हा रेणूंच्या आतले बंधही मोडायला लागलेले असतात.

तेव्हा प्रश्न असा विचारा: तापवल्यावर आयनांचं जालक सुटतंय, की रेणू एकमेकांपासून सुटताहेत? असा विचार केला की भडभुंज्याची कढईही कळते. फुटाणे भाजायला तो तापलेली वाळू वापरतो, काही जण मीठ वापरतात. मीठ वितळत नाही ते आयनिक म्हणून. पण वाळू? वाळू म्हणजे मुख्यतः सिलिकॉन डायऑक्साइड, पूर्ण सहसंयुज, आणि तिला वितळायला १७०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. कारण वाळूच्या कणात सुटे रेणू नाहीत. सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांचं जाळं कणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग विणलेलं असतं. ते वितळवायचं तर सहसंयुज बंधच तोडावे लागतात, आणि ते किती दुर्बल आहेत ते मग कळतं. हिऱ्याचंही तेच.

सहावी पायरी: घरच्या घरी चाचण्या

पहिली चाचणी तव्याची. जुन्या स्टीलच्या चमच्यात साखर आणि दुसऱ्या चमच्यात मीठ घेऊन मंद आचेवर धरा, मोठं माणूस शेजारी हवं. साखर पाझरते, तांबूस होते, वास सुटतो. मीठ तडतडतं, दाणे उडतात, पण वितळत नाही. ती तडतड म्हणजे दाण्यांत अडकलेल्या पाण्याची वाफ, रासायनिक बदल नव्हे. एखादा दाणा ज्योतीत पडला तर पिवळा भडका दिसेल. तो रंग सोडियमचा.

दुसरी चाचणी नाकाची. पुस्तकात ती फारशी दिसत नाही, पण माझ्या अनुभवात ती सहसा दगा देत नाही. वास यायचा तर पदार्थाचे रेणू हवेतून नाकापर्यंत पोचावे लागतात. कापूर, हिंग, पेट्रोल, डांबरगोळ्या, अत्तर, सगळे सहसंयुज. शुद्ध मिठाला, तुरटीला, धुण्याच्या सोड्याला वास नाही, कारण साध्या तापमानाला आयन जालक सोडून उडत नाहीत. उलट बाजूने मात्र ही चाचणी चालत नाही. साखरेलाही वास नाही.

तिसरी विरघळण्याची. कापूर पाण्यात विरघळत नाही, पण खोबरेल तेलात विरघळतो, हे आजीला ठाऊक असतं. मीठ नेमकं उलट. पण ‘आयनिक ते पाण्यात विरघळतं’ हा नियम डोळे झाकून वापरू नका. जुन्या घरांतली शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट आयनिक आहे, आणि ती वर्षानुवर्षं रोज पुसली तरी झिजून वाहून जात नाही. आणि साखर सहसंयुज असून चहात विरघळतेच. पाण्याला आवडतील असे ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट तिच्या रेणूवर जागोजागी आहेत.

चौथी चाचणी विजेची. तिच्यावर थोडा वेळ घालवावा असं मला वाटतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी, १ किलो-ओहमचा रोधक आणि थोडी वायर आणा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून घ्या. बॅटरीचं धन टोक, रोधक, एलईडीचा लांब पाय, मग त्याच्या आखूड पायाला पहिली पेन्सिल. दुसरी पेन्सिल थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. वायर शिशाला टेकेल अशी घट्ट गुंडाळा. दोन्ही शिसं एकमेकांना टेकवून बघा, एलईडी लागला पाहिजे. लागला नाही तर बहुतेक वेळा एलईडी उलटा जोडलेला असतो. भिंतीतल्या प्लगची वीज या कामाला कधीही वापरायची नाही, विषय तिथेच संपला.

पाणी नळाचं नको, त्यात आधीच क्षार असतात आणि एलईडी मिणमिणतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. नुसत्या पाण्यात शिसं बुडवा: काही नाही. दोन चमचे साखर घाला: तरीही काही नाही. पाणी बदला आणि चिमूटभर मीठ घाला: एलईडी चटकन उजळतो. कोरड्या मिठात शिसं खुपसून बघा: पुन्हा अंधार. आयन तेच आहेत, पण जालकात जखडलेले, चालू शकत नाहीत. पाण्याने ते सुटे केले की चालतात.

मिठाच्या पाण्यात शिसांवर बुडबुडे येतील आणि पोहण्याच्या तलावासारखा वास येईल. तो क्लोरीन. दहा-पंधरा सेकंदांत थांबवा आणि खिडकी उघडी ठेवा. आणि आपण ज्या शिशाने हे करतोय, ते पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. ग्रॅफाइट हा सहसंयुज बंधांनी जोडलेला कार्बन, तरी वीज वाहतो, कारण प्रत्येक कार्बनचा चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो. मुलांनी हे स्वतःहून विचारलं तर त्या दिवशी मी गृहपाठ देत नाही.

आता पाणी पुन्हा बदला आणि त्यात लिंबू पिळून बघा. एलईडी मंद लागतो. लिंबातलं सायट्रिक आम्ल सहसंयुज, मग वीज कशी? आम्लं पाण्यात गेल्यावर आयन तयार करतात. हायड्रोजन क्लोराइड वायू म्हणून सहसंयुज आहे, पाण्यात शिरला की हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन झपाट्याने वीज वाहतो. म्हणून द्रावणाची चाचणी एकटी पुरत नाही. वितळलेल्या अवस्थेत वीज वाहते का, हा खरा निकष. पण ८०१ अंश घरात आणायचे कुठून?

सातवी पायरी: नियमात न बसणारे

‘धातू आणि अधातू तर आयनिक, दोन्ही अधातू तर सहसंयुज.’ हा ठोकताळा दहातल्या आठ-नऊ वेळा पास करतो. उरलेल्या वेळी कामाला येते विद्युतऋणता, म्हणजे वाटलेली जोडी आपल्याकडे ओढण्याची अणूची ताकद. लायनस पॉलिंगने १९३२ साली तिला आकडे दिले. सोडियम ०.९३, क्लोरीन ३.१६, फरक २.२३, आयनिक. कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, फरक ०.३५, सहसंयुज. फरक १.७ च्या आसपास असला की तिथे सीमारेषा मानतात.

सीमारेषा म्हणजे भिंत नव्हे. हायड्रोजन आणि फ्लुओरीनमधला फरक १.७८, तरी हायड्रोजन फ्लुओराइड सुट्या रेणूंचं असतं आणि १९.५ अंशांना उकळतं. दुसरीकडे ॲल्युमिनियम क्लोराइड: धातू आणि अधातू असूनही १८० अंशांच्या आसपास घनाचा थेट वायू होतो आणि त्या वायूत रेणू सापडतात. ॲल्युमिनियमचा आयन इवलासा, त्यावर तीन धन प्रभार. तो क्लोराइडचा इलेक्ट्रॉन ढग इतका खेचून घेतो की देवघेवीची भागीदारी होऊन जाते. कासिमिर फायन्स याने १९२३ साली हे सूत्ररूपाने मांडलं: धन आयन लहान, ऋण आयन मोठा आणि प्रभार जास्त असेल, तर बंध सहसंयुजाकडे झुकतो. बंध बहुतेक वेळा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. आपण नाव देतो ते जवळच्या टोकाचं.

उलट दिशेचा अपवाद नवसागर. कल्हईवाला भांडं तापवून त्यावर नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथील लावून कापसाने फिरवतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड: नायट्रोजन, हायड्रोजन, क्लोरीन, एकही धातू नाही. ठोकताळा म्हणेल सहसंयुज. पण पाण्यात घालून एलईडी लावा, लखलखीत पेटतो. इथे धातूची जागा अमोनियम या अणुगटाने घेतली आहे. गटाच्या आत नायट्रोजन-हायड्रोजनचे बंध सहसंयुज, आणि गट व क्लोराइड यांच्यामधला बंध आयनिक. तापल्यावर तो फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू होतात. त्यातला हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर साफ करतो म्हणून कथील धरतं. वर गार हवेत दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात, तो पांढरा धूर.

म्हणून संयुग हातात आलं की आधी ओळखीचे अणुगट शोधा: अमोनियम, सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, बायकार्बोनेट, हायड्रॉक्साइड, फॉस्फेट. एखादा क्षारात दिसला की उत्तर जवळजवळ नेहमी ‘दोन्ही’: गटाच्या आत सहसंयुज, गटाबाहेर आयनिक. पानाला लावायचा चुना, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा सगळे याच घरातले. परीक्षेत ‘खाण्याच्या सोड्यात कोणता बंध?’ असा प्रश्न आला तर एकच नाव लिहून थांबू नका.

एक सोडवून बघू: तुरटी

दाढीच्या सामानातली किंवा गढूळ पाण्यात फिरवायची तुरटी घ्या. तिचे घटक: पोटॅशियम, ॲल्युमिनियम, दोन सल्फेट आणि बारा पाण्याचे रेणू. धातू आहेत, म्हणजे धन आयन आहेत. पोटॅशियमवर एक प्रभार, ॲल्युमिनियमवर तीन, मिळून चार धन. सल्फेटवर दोन ऋण, असे दोन, मिळून चार ऋण. हिशोब जुळला, तेव्हा या आयनांमधली ओढ आयनिक. सल्फेटच्या आत गंधक आणि ऑक्सिजन दोघेही अधातू, तिथे सहसंयुज. पाण्याच्या प्रत्येक रेणूच्या आतही सहसंयुज.

आता तुरटीचा खडा कोरड्या तव्यावर ठेवा. नव्वदच्या थोडं वर गेलं की तो पाघळायला लागतो, आणि इथे मुलं फसतात: "वितळली की! म्हणजे सहसंयुज!" थांबा आणि पाचव्या पायरीतला प्रश्न विचारा, काय सुटतंय? सुटतंय ते जालकात बसलेलं पाणी, आणि खडा त्याच पाण्यात विरघळतोय. आच चालू ठेवा. बुडबुडे येतात, वाफ निघते, खडा फुगत जातो आणि शेवटी तव्यावर पांढरी, हलकी, भुसभुशीत तुरटीची लाही उरते. पाण्याचे रेणू अख्खेच्या अख्खे निघून गेले, आयन मागे राहिले. लाहीचा तुकडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकून ढवळा. ती हळूहळू विरघळते, पाच-दहा मिनिटं धीर धरावा लागतो. मग शिसं बुडवा.